तीन पार्कांत एक ओटी

हॅलो?... हॅलो, हां, बोल गोदू... येतंय ऐकू. हायवेवरच्या बसस्टॉपवर बसलेय, लॉऱ्या जातायत, जरा मोठ्यानं बोल... तुझाच हिशेब करत होते बघ... कसला म्हणजे? आज माझ्याबरोबर आली नाहीस, त्यात तुझा काय काय फायदा झाला, तो. ऊन चुकलं. तीन पार्कांची पायपीट चुकली. वर दुपारची झोप मिळाली. आणि आणखी एक गोष्ट वाचली तुझी... ती मागून सांगते. आधी ताप कसा आहे ते सांग.

उतरला? एवढ्यात? सकाळी सातला तर फोनवर कण्हत होतीस...

हो, एकटी. एकटी आले, एकटी फिरले. त्यात घाबरायचं काय? आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरनं शून्याचं तिकीट फाडून दिलं, बसले खिडकीत. बायकांना बस फुकट झाल्यापासून अर्धी हुबळी रस्त्यावरच आहे... ह्यांना? ह्यांना डबा झाकून ठेवलाय. डोळ्यांसाठी जाते म्हणून सांगितलं. खोटं कुठं बोलले? आईला बघायलाच आले होते की.

अगं ऐक ना. क्रमानं सांगू दे... नाही, असं एका वाक्यात नाही सांगणार. तूच मला नऊ वर्षं तुकड्या-तुकड्यानं सांगतेयस. मूर्तिकार गुरुराजनं आईचा पुतळा केला. आई भाकरी थापतेय असा केला. पण कुठल्या पार्कात बसवला ते काही सांगितलं नाही, त्याच्याकडनं सिमेंटची माणसं तीन पार्कांत गेलीत. हेच सांगत आलीस ना?... हां. मग तिन्ही बघायला नकोत? आणि आजच बघायला हवेत. आज अविधवा नवमी. दर वर्षी आईच्या नावानं कुणातरी सवाष्णीला बोलावून ओटी भरतो, ह्या वर्षी म्हटलं तिचीच भरू. सवाष्ण गेली माझी आई. तिचा हक्कच आहे.

... तर पहिलं, मयूर मौज. हुबळी सोडली की लगेच. तो भला मोठा मोर आहे बघ, तेच. आत शिरले, विचारलं, सिमेंटचं खेडं कुठं आहे? तिकिटवाली म्हणाली, अज्जी, वाट आरसेमहालातनं आहे... जावंच लागतं गं, दुसरी वाट नाही. एका आरशात मी भोपळा, एका आरशात पडवळ. लोक आपापल्या पोटाला हसतायत. आणि कोपऱ्यात एक होता, जरा वाकडा, तोंड लांब करणारा. त्यात बघितलं आणि एकदम ओरडलेच, 'आई!'... अगं खरंच. मागं एक नवराबायको होते, दचकले बिचारे.

खेड्यात? खेड्यात लोहार, बैलगाडी, चार शेळ्या. एक बाई विहिरीवर, पण ती विशीतली. आई नाही.

मग जलधारा. तिथं तर गेटवरच धरलं मला... नारळासाठी! पिशवी तपासली ना. 'अज्जी, तेंगिनकाई ओळग बिडूदिल्ल.' नारळ आत सोडत नाही, बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, खाणं नव्हे, ओटी आहे ती. तो म्हणाला, नियम सगळ्यांना एकच. नारळाला टोकन दिलं. बारा नंबर. खण आणि तांदूळ तेवढे सोडले आत... हस, हस. पुढं ऐक. खेडं तलावापलीकडं. तिथं जायला बोट, आणि बोट जाते धबधब्याखालून... मग काय, भिजले. चष्म्यासकट. शेजारी कॉलेजच्या मुली होत्या, त्या किंचाळतायत, मी पिशवी पोटाशी धरून बसलेय. उतरले, पदर पिळला, बघते तर आखाडा! नऊ पैलवान आणि एक वस्ताद. बाई औषधालाही नाही.

नाही, खाल्लं नाही काही. ओटी भरल्याशिवाय खायचं नाही म्हटलं होतं. चहावर आहे.

आणि मग नम्म हळ्ळी... गोदू?... हॅलो?... आहेस ना? मला वाटलं फोन कट झाला. तिसऱ्याचं नाव घेतलं आणि एकदम शांत झालीस... मी? मी कुठं काय म्हणतेय? सापडली की आई. तिसऱ्यात सापडली.

हो, म्हणते ना, सापडली. चुलीपुढं बसलीय. इरकली लुगडं, हिरव्या बांगड्या, पुढ्यात काटवट. नाकात नथ. माझा चष्मा ओलाच होता, पुसायला अंगावर काही कोरडं नव्हतं. सगळं पाण्यातून बघितल्यासारखं. तिथंच बसले जमिनीवर. लोक फोटो काढत होते, काढू देत. हळदकुंकू लावलं. खण, तांदूळ, नारळ, पाच पानं, सगळं ओटीत घातलं. पायांवर डोकं टेकलं. ती गेल्यापासूनचं पंधरा वर्षांचं बोलले तिच्याशी गोदू... हो, तुझ्याबद्दलही बोलले. चांगलंच बोलले. म्हटलं, गोदूला ताप आहे, तेवढा उतरव. बघ, उतरला.

... थांब, संपलं नाही. उठताना दिसलं, कुंकू सांडलंय तिच्या हनुवटीवर. बोटानं पुसायला गेले... आणि बोट खड्ड्यात गेलं.

खड्डा, गोदू. हनुवटीला. मध्यावर नाही, जरा डावीकडं... आईला कुठं होता खड्डा?... सिमेंट खचलं? बरोबर तेवढंच खचलं?... अगं बाई, तो खड्डा मी पाडलेला आहे! चिंचेखालच्या झोपाळ्यावरनं मी ढकललं, तू दगडावर आपटलीस, अळणावरला नेऊन चार टाके घातले. अप्पांचा मार कुणी खाल्ला? त्या खड्ड्याचा मार खाल्लाय मी, मला तो डोळे मिटूनसुद्धा ओळखता येतो. एका बाईकडनं रुमाल मागून घेतला, चष्मा कोरडा पुसला, घातला. आणि बघते तर तू. लुगडं आईचं, नथ आईची, आत तू.

मी तुझ्या पाया पडले गोदूबाई. धाकट्या बहिणीच्या. भर गर्दीत... आली असतीस बरोबर तर शेजारी शेजारी दोघी दिसल्या असत्या, तू आणि तू. ते वाचलं तुझं. मघाशी म्हटलं ना, एक गोष्ट वाचली.

... नको, 'अक्का, अक्का' नको करूस आता... आणि विधीत म्हणशील तर काही चुकलं नाही. आईच्या नावानं सवाष्णीची ओटी भरायची असते. तू सवाष्ण आहेस, यशवंतराव ठणठणीत आहेत. कुणाकडं तक्रार करू?

कुणी सांगितलं? कुणी सांगायला कशाला हवं? पण सांगितलंही. नागोजी म्हणून म्हातारा आहे तिथं, पुतळे रंगवतो. मी खड्डा चाचपतेय, तर तो आपणहून पुतळ्याकडं बोट करून म्हणाला, ह्या बाई चार दिवस येऊन बसल्या होत्या सरांपुढं, मान जराही हलवली नाही, फार कौतुक त्याला... गुरुराजनं तुला काय विचारलं होतं गोदू?... खरं सांग. फोटोत आई एका बाजूला बघतेय, समोरनं तोंड कळत नाही, घरात तिच्यासारखी दिसणारी कुणी आहे का. असंच ना?... आणि तू काय सांगितलंस?... मोठ्यानं. लॉरी जातेय.

... 'मी.' हं.

आईचं तोंड कुणावर गेलंय गं? आईच्या नावावरनं गावात धाकटी जनाबाई कुणाला म्हणत होते? सकाळी त्या वाकड्या आरशाला कळलं, आणि तुला नाही?

... मी बसले नसते? विचारलंस का? चार दिवस काय, चाळीस दिवस बसले असते... काय?... परत बोल... 'मला आयुष्यात कुणी फोटोलासुद्धा पुढं बसवलं नाही.' ... बरं. हे नऊ वर्षांत पहिल्यांदा खरं बोललीस. ते तुझ्या बाजूला मांडते. पण बाकीचंही मांडू दे.

ऑफिसात नेलं नागोजीनं मला पाणी प्यायला. भिंतीवर तू. खांद्यावर शाल, गळ्यात हार, शेजारी मालक. पार्कच्या उद्घाटनाचा फोटो. तोच, जो तुझ्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे. महिला मंडळाच्या स्पर्धेत पुरणाचे कडबू पहिले आले म्हणून शाल मिळाली, असं सांगतेस तो. नऊ वर्षं मी त्या कडबूंचं कौतुक करतेय! पाहुण्यांना सांगतेय, आमच्या गोदूचे कडबू... यशवंतरावांना माहीत होतं?... वा. म्हणजे मी तेवढी राहिले.

आता एकच विचारते. आईचा फोटो कुठं आहे?

... नाही. गुरुराजनं हरवला नाही. नागोजी म्हणाला, सरांनी फोटो पहिल्याच दिवशी परत दिला, आहे तसा, फ्रेमसकट. तू मला काय सांगितलंस? फोटो गेला, फ्रेम तेवढी आली. सगळ्या घरात मिळून आईचा एकच फोटो, माझ्या लग्नातला. तू म्हणालीस पुतळ्यासाठी हवाय, मी भिंतीवरनं काढून दोन्ही हातांनी दिला तुला. तेव्हापासून नुसतं आठवतेय मी. आता नाक आठवायला जाते तर डोळे निसटतात, डोळे धरले तर हसणं निसटतं. तीन पार्क हिंडले ते पुतळा बघायला होय? एकदा तोंड दिसावं म्हणून हिंडले... कुठं आहे?

मागं? कशाच्या मागं?... तुझ्या फोटोच्या?... त्याच फ्रेममध्ये? म्हणजे मी दर महिन्याला तुझ्या हॉलमध्ये चहा पीत बसत होते, आणि आई त्या कडबूंच्या मागं?

... टाकवला नाही. हो. टाकला नाहीस, ते खरं... रडू नको. आता निदान आहे ना? आहे ना गोदू? मग झालं. मी बस पकडते, तडक तुझ्याकडंच येते...

काय करतेस?... खाली कशाला काढलास? मी येते म्हटलं ना. ऐक... मागचा पुठ्ठा राहू दे तसाच. यशवंतरावांना आत बोलव आधी... निघाला? बरं, निघाला तर निघाला. आई दिसतेय?... पाठ दिसतेय, हां, पाठच दिसणार. सुटा आहे का?... चिकटलेत? अगं चिकटणारच, तुझी ती भिंत दमट, नऊ पावसाळे... नको! ओढू नको! हळूहळूसुद्धा नको! कोमट पाण्यात ठेवायचा असतो, फोटो स्टुडिओत देऊ, ते लोक बरोबर... गोदू, ठेव खाली...

... ते काय वाजलं?

... बोल की.

... कोण फाटलं? तू की ती?

...

तोंडच?... सगळं?... तुझ्या फोटोच्या पाठीला. हं... आणि हातातल्या तुकड्यावर?... मांडव. लुगडं. हात... हात आहेत ना? बांगड्यांसकट?... आणि वर पांढरं.

... ऐकतेय. आहे मी... मुद्दाम नाही केलंस, माहीत आहे मला. मुद्दाम केलेलं सगळं आधीचं आहे.

नको, आता येत नाही... येऊन काय बघू? तुझी पाठ?... तो हातांचा तुकडा तेवढा कोरड्या कागदात ठेव. घडी घालू नको. ह्यांना पाठवीन न्यायला.

हां, बस दिसली, लाल, थांब, हात करते... अगं हो, हो. एक काम कर, रविवारी नम्म हळ्ळीला जा आणि तुझी ओटी घेऊन ये. नागोजीकडं ठेवलीय. खण गुळेदगुड्डचा आहे, झंपर होईल तुझा... का म्हणजे? भरलेली ओटी मी परत नेत नाही. ज्या बाईची भरली ती तिची. पुतळा तुझा, शाल तुझी, नमस्कार तुझा, नारळसुद्धा तुझा, त्या बारा नंबरच्या टोकनावर सोडवून आणलेला. आणि आईचं तोंड, तेही तुझ्याच पाठीला गेलं.

मी? मी घरी नाही चालले. वाटेत मयूर मौजला उतरतेय. आरसेमहाल साडेसहापर्यंत उघडा असतो, विचारून ठेवलंय... वाकडा आहे, कळतं मला. तोंड लांब दिसतं तेही कळतं. पण तेवढा एकच उरलाय... नाही, तू नको येऊस. ताप आहे तुला.

... हो, चढतेय, चढतेय कंडक्टर... मयूर मौजचं सकाळचं तिकीट नाही चालत गं, बाहेर पडलं की संपलं. नवं काढावं लागतं. काढीन. आजचं सगळं माझ्याच अंगावर पडलंय, हेही पडू दे... ठेवते.