विहिरीकडचा कोपरा

ऐका मंडळी, ऐका! थोडं पुढं सरका. मागं खांबाला टेकून बसलेत ते — टेका, माझी काही हरकत नाही, पण डोळे तेवढे उघडे ठेवा!

पूर्वरंग झाला. नामाचा महिमा ऐकलात, टाळ ऐकलेत, आमच्या पेटीवाल्यांनी दोन सूर चुकवले तेही ऐकलेत. हसू नका हो, मेहुणे आहेत माझे! आता आख्यान. पण त्याआधी मला सांगा, आज तरुण मंडळी एवढी कमी का? ...आला आवाज? आला ना! समोरच्या हॉटेलात टीव्ही लागलाय. वीस-वीस ओव्हरची मॅच. आत्ता ओरडले, म्हणजे षटकार गेला. जाऊ दे! आज कीर्तन नसतं ना, तर मीही तिथंच चहा घेऊन उभा असतो. देवापुढं खोटं कशाला बोलू?

पण या खेळाचा एक थोरला भाऊ आहे बरं का. दोन-दोन दिवस, पाच-पाच दिवस चालणारा. त्याच्याकडं आता कुणी फिरकत नाही. लोक म्हणतात, किती वेळ बसायचं? कीर्तनाचंही तेच झालंय! परवा एका गावचे अध्यक्ष म्हणाले, "बुवा, वीस मिनिटांत उरका." म्हटलं, "अहो, वीस मिनिटं मला फेटा बांधायला लागतात!"

तर आजचा प्रश्न असा — दहा माणसांच्या पुढं उभं करायचं तर कुणाला करावं? बळ जास्त त्याला? का धीर जास्त त्याला? बरं, धीर-धीर म्हणतो आपण, तो ओळखायचा कशावरून? तोंडावर लिहिलेला असतो का? सांगा! ...कुणी बोलत नाही. बरं, मीच सांगतो.

कोळगाव नावाचं गाव. गावाबाहेर माळ, माळावर मैदान. मैदानाच्या एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला जुनी विहीर. दरसाल जत्रेच्या आधीच्या शनिवार-रविवारी कोळगाव आणि शिरगाव यांचा दोन दिवसांचा सामना व्हायचा. आजोबांच्या काळापासूनची रीत! पूर्वी म्हणे शाळेला सुट्टी असायची, बायका भाकरी बांधून बघायला यायच्या. आणि आता? मी सांगतो त्या वर्षी बघायला माणसं होती चौदा. त्यातली दोन झोपलेली. आणि एक म्हैस — ती वाट चुकून आली होती!

कोळगावचा कॅप्टन कोण? दिनकर सुतार. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. सव्वीस वर्षं कॅप्टन! हातात रंधा नसेल तर बॅट, बॅट नसेल तर रंधा. पण गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, आता खुर्चीत बसून बघा. आणि नेमकं त्याच साली जत्रा कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "अण्णा, पुढल्या वर्षीपासून दहा-दहा ओव्हरची स्पर्धा घेऊ. लाऊडस्पीकर लावू, पोरं नाचतील. तुमच्या या सामन्यात जीव राहिला नाही आता. तरी एवढं एक वर्ष बघू. कॅप्टन चांगला नेमा, माणसं आली तर ठेवू. नाहीतर बंद."

बंद! मंडळी, सव्वीस वर्षं जे हातांवर वाढवलं ते एका शब्दात बंद! अण्णांना चार दिवस जेवण गेलं नाही. सगळं येऊन थांबलं एका गोष्टीवर — कॅप्टन कुणाला करायचं?

नावं दोनच. एक श्रीधर जंगम, शाळेत गणिताचे गुरुजी. बॅटिंग अशी, की दोन तास उभे राहतील, कपड्याची इस्त्री मोडणार नाही! दुसरा संग्राम शेडगे, टेम्पो चालवायचा. तो आला की चेंडू शोधायला माणसं पाठवावी लागायची. एकदा त्याचा षटकार सरपंचांच्या वरणात पडला. खोटं वाटतं? सरपंचांना विचारा!

अण्णांचं मन कुणाकडं? अहो, उघड आहे! श्रीधर गुरुजींकडं. अण्णा म्हणायचे, संग्रामला दम म्हणून नाही, हा लांबचा सामना काय सांभाळणार? पण कोळगावची एक रीत होती. ज्याला कॅप्टन करायचं, त्याला आधी अख्खा दिवस मैदानाच्या लांबच्या कोपऱ्यात उभं करायचं. जिथं दिवसात चेंडू येतो दोनदा, फार तर तीनदा. जिथं कुणी टाळी वाजवत नाही. तिथं माणूस कसा उभा राहतो ते बघायचं. काय परीक्षा आहे बघा! चेंडू आल्यावर सगळेच धावतात हो. चेंडू येत नसताना तू काय करतोस?

झालं! शनिवारी सकाळी शिरगावची बॅटिंग. श्रीधर गुरुजी शाळेच्या कोपऱ्यात, संग्राम विहिरीच्या कोपऱ्यात. अण्णा मांडवात खुर्ची टाकून बसले, गुडघ्यावर हात.

श्रीधर गुरुजी कसे उभे? प्रत्येक चेंडूला वाकून, हात गुडघ्यांवर, नजर समोर. वा! आणि संग्राम? अण्णांनी बघितलं आणि त्यांचं पित्तच खवळलं. संग्रामची पाठ मैदानाकडं! विहिरीकडं तोंड करून कठड्यापलीकडच्या कुणाशी तरी गप्पा मारतोय. चेंडू पडायच्या वेळी वळतो, की पुन्हा पाठ. पुन्हा वळतो, पुन्हा पाठ! दोन वेळा चेंडू तिकडं गेला आणि दोन्ही वेळा त्यानं अडवला. अण्णा म्हणाले, नशीब!

जेवणाच्या सुट्टीत अण्णांनी श्रीधर गुरुजींना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, संध्याकाळी नाव तुमचं सांगतो. उद्यापासून संघ तुमचा." गुरुजींचे डोळे भरून आले हो. त्यांच्या वडिलांनीही हा सामना खेळला होता याच मैदानावर. वाकून नमस्कार केला.

इथवर सगळं ठीक. पण माणसाचा राग असा असतो, की निकाल लागला तरी तो जात नाही! दुपारी चहाच्या आधी अण्णा उठले. म्हणाले, या पोराला दोन शब्द सुनावल्याशिवाय मला चैन पडायची नाही. निघाले काठी टेकत, मैदानाला बाहेरून वळसा घालून. ऊन डोक्यावर, गुडघा ठणकतोय, मनात शब्द जुळवतायत — 'लाज वाटत नाही का रे!' विहिरीच्या कठड्याआड पोहोचले, आणि कानावर आवाज आला.

"सोडला, चाचा. ऑफच्या बाहेरनं गेला, इतभर. बॅट वर घेतली त्यानं."

"आणि पाय?"

"पाय म्होरं आलाय. वाकलाय चांगला."

"मग बरं खेळतंय पोरगं. कीपर कुठं हाय?"

"दोन पावलं मागं सरला बघा आत्ता. थांबा, आला बॉलर..." संग्राम वळला. चेंडू पडला. पुन्हा तोंड विहिरीकडं. "खाली ठेवला, चाचा. बॅटीखालीच. मातीबी उडाली न्हाई."

कोण होतं तिथं? मंडळी, तिथं खाटेवर बसले होते बाबालाल तांबोळी. विहिरीला लागूनच घर त्यांचं. अण्णांचे जोडीदार! सतरा वर्षं दोघं मिळून डाव सुरू करायला उतरायचे. एक खेळायचा तेव्हा दुसरा समोरच्या टोकाला, नॉन-स्ट्रायकर. एकानं नुसती मान हलवली की दुसरा धावायचा, हाक मारायची गरज नाही. नऊ वर्षांपूर्वी काचबिंदूनं बाबालालांची दृष्टी गेली. दोन्ही डोळ्यांची.

अण्णा पहिली दोन वर्षं जायचे हो भेटायला. जायचे! बाबालाल विचारायचे, "दिनू, काय झालं रं आज म्याचमधी?" आणि अण्णा म्हणायचे, "काही न्हाई रं. नेहमीचंच." का? तर याला दिसत नाही, याच्यापुढं खेळाचं बोलून याचं मन कशाला दुखवा? मायेनंच म्हणायचे. पण 'काही नाही' म्हटल्यावर पुढं बोलणार काय? चहा प्यायचा आणि उठायचं. हळूहळू जाणं कमी झालं. मग सणासुदीला. मग तेही नाही. घर कुठं? मैदानाच्या कडेला! रोज दिसायचं ते दार.

कठड्याआड अण्णा उभे. बाबालाल विचारतायत, "दिनू आलाय का रं?"

"आल्यात की. मांडवात हायेत." इथं संग्रामचं चुकलं, कारण अण्णा तर कठड्याआडच! "खुर्चीत बसल्यात. गुडघा धरून. तोंड आंबट."

बाबालाल हसले. खूप हसले. "चेंडू बॅटीला चाटून गेला की त्याचं तोंड तसंच व्हायचं." "त्याला वाटतं, मला सांगितलं की वाईट वाटंल. याड हाय. मला षटकार नगं हुता रं संग्राम. ह्येच पायजे हुतं. कोण कुठं उभा हाय, कुणी चेंडू सोडला. ह्ये कोण सांगत न्हाई बघ. इचारलं की म्हणत्यात, काय झालं न्हाई."

मंडळी, दोन शब्द सुनावायला आलेले अण्णा! काठीवर डोकं ठेवून ते रडले. म्हातारा माणूस, भर उन्हात, विहिरीच्या आडोशाला उभा राहून रडला. आता त्यांना कळलं. पाठ फिरवतो तो बघत नाही असं वाटलं होतं. अरे, त्या मैदानात प्रत्येक चेंडू सगळ्यात नीट कुणी बघितला असेल तर या पोरानं! त्याला बघावाच लागला. कारण तो दोघांसाठी बघत होता.

पण आता पंचाईत! शब्द दिलाय श्रीधर गुरुजींना. नमस्कार घेऊन बसलेत! तुम्ही काय केलं असतं? गप्प बसला असता ना? कोण बघायला आलंय, म्हणाला असता!

खेळ थांबला. शिरगावच्या सात विकेट, दोनशे चार धावा. पोरं मांडवात जमली. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, मी तुम्हाला दुपारी शब्द दिला. तो मला मोडायचा आहे. चूक माझी आहे. सगळ्यांदेखत सांगतो." आणि विहिरीआड काय ऐकलं ते अक्षरन् अक्षर सांगितलं.

श्रीधर गुरुजींना राग आला. यायचाच! गोरेमोरे झाले. म्हणाले, "अण्णा, मी कुठं कमी पडलो?"

अण्णा म्हणाले, "तुम्ही कुठंही कमी पडला नाहीत. माझी नजर कमी पडली."

गुरुजी निघाले. बॅग उचलली, चार पावलं गेले, थांबले. मागं न बघता म्हणाले, "सकाळी सातला येतो." मंडळी, जो हे म्हणू शकला, त्यालाही माझा नमस्कार!

अण्णा वळले. "संग्राम, उद्यापासून संघ तुझा."

आणि संग्राम काय म्हणाला असेल? उडी मारली? पेढे मागवले? छे! तो म्हणाला, "मला नगं, अण्णा."

"का रे?"

"कॅप्टनला मधी उभं ऱ्हावं लागतं. पोरं हलवायची, बॉलरशी बोलायचं. मग चाचाला कोण सांगणार?"

एवढा दांडगा गडी, मान खाली घालून उभा. गावची कॅप्टनकी समोर आलेली, आणि याला काळजी कसली? चाचाला कोण सांगणार!

अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मी सांगंन."

रविवारी सकाळी मांडवातली खुर्ची नाहीशी! शोधतायत सगळे. बघतात तर अण्णा स्वतः ती ओढत, लंगडत, मैदानाच्या कडेनं विहिरीकडं चाललेत. कुणी मदतीला गेलं तर हाकलून दिलं. खाटेशेजारी खुर्ची टेकवली. बाबालालांनी मान वर केली. म्हणाले, "कोण?"

इतक्या वर्षांनी, मंडळी! कोण म्हणून सांगणार? अण्णा खुर्चीत टेकले. ते म्हणाले, "मी हाय. नॉन-स्ट्रायकर."

बाबालालांनी हात पुढं केला. चाचपडत अण्णांचा गुडघा सापडला, त्याच्यावर तो ठेवला. तेवढ्यात पहिला चेंडू पडला. बाबालालांनी विचारलं, "काय झालं रं दिनू?"

सवयीनं तोंडात आलंच हो त्यांच्या — 'काही न्हाई!' ओठापर्यंत आलेलं गिळलं. आणि म्हणाले, "सांगतो. संग्राम मिड-ऑफला उभा हाय. गुरुजींना त्यानं कोपऱ्यातनं स्लिपमधी घेतलंय. बॉलर डावखुरा हाय, पोरगं नवीन हाय, घाबरलंय. चेंडू आखूड पडला. बॅट्समननं सोडला. आता संग्राम त्या पोराकडं चाललाय. पाठीवर हात ठेवला बघ..."

सांगत राहिले. तासभर, दोन तास. शेजारची सून धुणं वाळत घालता घालता थांबली. कट्ट्यावरचे दोघं-तिघं ऐकायला सरकले. जेवणानंतर दहा झाले, चहाला पंचवीस! मांडव ओस पडला आणि विहिरीचा कोपरा भरला. कमिटीचे अध्यक्षही येऊन उभे, मान पुढं काढून! सामन्याचा निकाल? लागला नाही. अनिर्णित. दोन दिवस खेळून कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही! अध्यक्ष जाताना म्हणाले, "अण्णा, पुढचं एक वर्ष ठेवू." एकच वर्ष म्हणाले. पण ठेवू म्हणाले!

तर मंडळी, पुढं कुणाला उभं करावं, ते तुम्ही आता मला सांगायला नको. मी तुम्हाला दुसरंच विचारतो. तुमच्या घरात खाट कुणाची आहे?

आता आरती होईल. प्रसाद घ्याल, चपला शोधाल, घरी जाल. घरी कुणीतरी असेल, ज्याला आज इथं यायचं होतं आणि येता आलं नाही. कुणाला जिना उतरवत नाही. कुणाला ऐकू येत नाही. कुणी अंथरुणाला खिळलेलं. दार वाजलं की ते मान वर करतील आणि विचारतील, "काय झालं रे कीर्तनात?" तुम्ही दमलेले असाल. ओठावर येईल, 'काही नाही.'

गिळा तो शब्द, मंडळी! त्यांच्याजवळ जाऊन बसा. कोण कुठं बसलं होतं, कोण झोपलं होतं, बुवा कुठं अडखळला — सगळं, सगळं सांगा.