कधीच नाही, कधीकधी, नेहमी

...अन् वर म्हणे, 'सोपं आहे हो, आईवडिलांनी नुसती खूण करायची!' सोपं? तुम्हाला सांगतो, कॉलेज रोडच्या डॉक्टर मॅडमनी चार पानी फॉर्म दिला, आमच्या ओमला डिप्रेशन हाय का बघायला! पहिलाच प्रश्न, 'आपण दुःखी आहोत असं मूल सांगतं का?' अहो मॅडम, अकरा वर्षांचं पोरगं, स्वमग्न हाय असं तुम्हीच लिहून दिलंय, ते तहान लागली तरी सांगत नाय, दुःख कुठून सांगणार? पण नाय! कधीच नाही, कधीकधी, नेहमी... करा खूण!

तसा एस्टीच्या पाट्या तेवढ्या बोलायचा. मळा आमचा दिंडोरी रोडला. सकाळची पहिली गाडी दिसली की कुंपणाशी हात फडफडवत बोंब, 'वणीऽऽ! सुरगाणाऽऽ! कळवणऽऽ!' पार दिवस मावळेपर्यंत! आम्ही झेंडू तोडतोय अन् ह्याचं स्टँड चालू! लंकाआत्या कानांत बोटं घालायची, 'गोरक्ष, गप कर रे त्याला!' शेवटी तिनंच सप्तशृंगीला नवस बोलला, पोरगं शांत होऊ दे.

झालं की शांत! वैशाखात थोरल्या पोरीचं, पूजाचं लग्न झालं, ती चांदवडला नांदायला गेली, अन् चार महिन्यांत हा असा गुणी झाला म्हणता! गाडी येवो नाय तर जावो, ह्याचं तोंड भिंतीकडं. जो तो म्हणतोय, 'लय सुधारला हो ओम!' आत्या म्हणे, 'देवी पावली!' गडावर जाऊन नवस फेडला. स्टँडवर एवढ्या गाड्या, पण पोरानं एका पाटीकडं मान वर केली नाय. मी म्हटलं, वा!

एकटी त्याची आई, आमची छाया म्हणायची, 'जेवत नाय हो तो.' तिनंच हट्टानं दवाखान्यात आणलं. तर पुढचा प्रश्न, 'आवडीच्या गोष्टींतला रस कमी झालाय?' मी ठोकली खूण, कधीच नाही! छाया म्हणाली, 'अन् गाड्या?' म्हटलं, ती काय आवड हाय? तो ताप! 'घरातलं कुणी अलीकडे दुरावलं आहे?' छे, पोरीचं लग्न झालंय, आनंदाची गोष्ट! करा खूण!

छायानं माझा हातच धरला. 'अहो, कुंपणाशी त्याच्यासंगं पाट्या वाचायला कोण उभं राहायचं?'

...पूजा.

तुम्हाला सांगतो, रडूच आलं मला, मॅडमच्या समोर. पोरगं भिंतीला तोंड करून बहिणीसाठी झुरत होतं, अन् मी बाप देवीचे आभार मानत होतो! आता कधीच नाही म्हणू, कधीकधी म्हणू, का नेहमी? कशावर करू खूण?

मॅडम म्हणाल्या, 'सावकाश. शेवटचाच राहिलाय.' बघितलं, तर ह्याला खूण नाय, लिहून द्यायचं. 'मुलातला बदल सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आला?'

काय करता? लिहिलं, सगळ्यांच्या. पेढे वाटले आम्ही.