वेबसाइटवर आलेला पहिला निरोप

अरे, माझी वेबसाइट अखेर सुरू झाली बरं का! चार वर्षं नुसता रंग ठरत नव्हता. शेवटी बायको म्हणाली, “पांढरीच ठेवा, पण आज टाका.” टाकली. आमच्या झाशीच्या घरातले जुने मराठी शब्द त्यात लिहिले होते, वरण वाढायचं ओगराळं वगैरे. हे वाचणार कोण, याचं मलाच कुतूहल होतं.

तिसऱ्या दिवशी झाशीजवळच्या बबीना गावातल्या एका बाईंचा निरोप आला, “भैया, ओगराळं मेरी माँ कहती थीं. उनके जाने के बाद आज पहली बार देखा. फोन करूँ?”

मी नंबर पाठवला. फोन येताच विचारलं, “मराठीत बोलू ना?”

“समझती हूँ, बोल नहीं पाती. आप बस बोलते रहिए.”

मग घरात आज काय शिजलंय, तेच सांगायला लागलो. मी थांबलो की पलीकडून हळूच यायचं, “और?”