दुसऱ्याच्या लेकीची भूक

हसू नका गं, पण बाळाला कधी पाजायचं हे मी मोबाइलवरच्या एका ॲपला विचारायचे. ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांसाठी बनवलेलं, असा माझा विश्वास. बाळ उपाशी राहील या धास्तीने, ॲपची घंटा वाजली की त्याला झोपेतून उठवायचे. दिघीच्या फेरीबोटीत उठवलं, तर त्याने रडून बोट डोक्यावर घेतली, पण दुधाला तोंड लावेना. शेवटी ॲप बनवणाऱ्यालाच मेसेज करून विचारलं, ‘‘वेळा चुकल्यात का?’’

त्याचं उत्तर आलं, ‘‘ताई, मी हे माझ्या मुलीसाठी बनवलं होतं. वेळा तिच्याच आहेत. कोड खुला आहे, हवा तसा बदला.’’

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, ‘‘म्हंजे भूक त्याच्या लेकीला लागायची, आन् उठवायचीस माझ्या नातवाला व्हय?’’