खिंड उतरेपर्यंत

(वायोमिंगच्या डोंगरातलं तळं, ऊन कललेलं. दोन घोडे आणि सामान लादलेलं एक खेचर नुकतंच खिंड उतरून आलंय. बहीण-भाऊ.)

रोशनी : म्हणजे कालच कळलं होतं तुला.

धम्मदीप : संध्याकाळी. तू तंबू लावत होतीस. सॅटेलाइट फोनवर घरून प्रल्हादचा मेसेज आला. बाबा झोपेतच गेले.

रोशनी : आणि मला आत्ता सांगतोयस.

धम्मदीप : गाडीपर्यंत जायला ही एकच वाट. हातभर रुंद, बाजूला सरळ दरी. तू अशी नवखी. तुझा हात थरथरला की घोड्याला लगेच कळतं गं. तो बिचकला असता तर...

रोशनी : आत्ता थरथरतोय का माझा हात?

धम्मदीप : नाही.

रोशनी : काहीच होत नाहीये मला. पाय तेवढे दुखतायत.

धम्मदीप : बस जरा. पाणी पी.

रोशनी : वर खिंडीत तू माझा फोटो काढलास.

धम्मदीप : तूच म्हणालीस, काढ.

रोशनी : बाबांसाठी म्हणाले होते. त्यांच्या वरातीचा घोडा गावाने वेशीवरून परत पाठवला होता. म्हटलं, रेंज आली की पाठवू, बघा बाबा, तुमची मुलगी. तू 'स्माइल कर' म्हणालास, दादा.

धम्मदीप : हो.

रोशनी : कसं म्हणालास?

धम्मदीप : माहीत नाही. म्हणालो.

रोशनी : आईजवळ कोण आहे?

धम्मदीप : प्रल्हाद आहे. शोभनामावशी आली अमरावतीहून. भंतेजी आले, वंदना झाली. तिकडच्या दुपारी घाटावर नेलं.

रोशनी : झालं पण?

धम्मदीप : आपण झोपलो होतो तेव्हा. म्हणजे, तू झोपली होतीस.

रोशनी : आपल्यासाठी थांबायचं का, असं कोणी विचारलं नाही?

धम्मदीप : आईने विचारलं.

रोशनी : मग?

धम्मदीप : इथून गाडी, मग डेन्व्हर, मग फ्लाइट. तीन-चार दिवस त्यांना बर्फात ठेवायचं? मी लिहिलं, थांबू नका.

रोशनी : 'मी' लिहिलंस?

धम्मदीप : 'आम्ही' लिहिलं. दोघांनी ठरवलंय म्हणून.

रोशनी : म्हणजे आईला वाटतंय, मीही नको म्हटलं.

धम्मदीप : आज तिला खरं कळवतो.

रोशनी : या खेचराचं ओझं उतरव आधी. कधीचं उभंय ते.

धम्मदीप : दोन्ही बाजू एकदम उतरवाव्या लागतात. नाहीतर खोगीर फिरतं.

रोशनी : धरते मी. सोड.

धम्मदीप : गाठ सुटत नाहीये.

रोशनी : सरक. तुझेच हात थरथरतायत.

धम्मदीप : काल रात्रीपासून.

रोशनी : विचारलं असतंस तर मीही थांबू नका असंच म्हटलं असतं. बहुतेक. आता ते कधी कळणार नाही मला.

धम्मदीप : चुकलं माझं.

रोशनी : पुण्यानुमोदनाच्या विधीला तरी पोचू आपण?

धम्मदीप : उद्या पहाटे निघालो तर नक्की.

रोशनी : लिही तसं आईला.

धम्मदीप : तू लिही. हे घे.

रोशनी : नको, मला शब्द सुचत नाहीयेत. तूच लिही. पण पाठवायच्या आधी मला वाचून दाखव.