होडी तिरकी बसली

हॅलो?… हां रुचिता, मीच, संजना… नाही गं, रडत नाहीये. सर्दी झालीय… बरं बाई, रडतेय. पुढे?

अगं ऐक ना, होडी तिरकी बसली. ट्रेलरवर… आमचीच, दुसऱ्या कोणाची असणार! पावसाआधी घरामागे आणतो ना, डागडुजीला. ट्रॅक्टरने ट्रेलर खाडीत उतरवायचा, भरतीत होडी मागून दोरीने धरून त्याच्यावर तरंगत आणायची, आणि अगदी सरळ झाली की ओरडायचं, 'घे!' एकानेच हं. बाकीच्यांनी तोंड मिटून त्या आवाजावर चालायचं. दरवर्षी दाजी ओरडतात, माझे मोठे काका…

हो, हो… यंदा मी! मीच म्हटलं, दाजी, तुमचा घसा बसलाय, मी ओरडते. वक्तृत्वात पहिली आले ना, तेव्हापासून हवेतच आहे मी… हस तू. हस.

होडी अजून डुलत होती गं. पण बांधावर आपली सगळी गँग उभी, नीलेश मोबाइलवर शूटिंग करतोय… मग काय, हात वर करून, 'घे!' ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर पुढे घेतला. मागचं टोक फिरलं, होडी तिरकी चढली आणि कडकन फळी गेली… एकच. पण गेली ना!

थांब, रडतेय ती त्यासाठी नाही गं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी… ए, कोणाला सांगू नकोस… मी म्हटलं, मंदाआत्याने मागची दोरी ढिली सोडली.

अगं, कुठे सोडली होती! छातीभर पाण्यात उभी राहून धरली होती तिने. हाताची सालटी निघालीत… नुसती माझ्याकडे बघत राहिली. आणि दाजी सगळ्यांदेखत तिला म्हणाले, 'मंदे, तुला आता जमत न्हाय. सांजच्या भरतीला परत उतरवून सरळ घेऊ, तवा तू येऊ नको.' लग्नाआधीपासून ती दोरी आत्याच धरते, रुचिता…

विसरून जाऊ? कशी? तीच आत्या मघापासून हाका मारतेय, 'बाय, बोंबील गार होतात' म्हणून. त्या हातांनी तळलेत तिने…

श्श… दाजी आले. ए, फोन ठेवू नकोस. तू ऐकत असलीस ना, तर मला पळता येणार नाही…

दाजी! ओ दाजी… नाही, जेवायचं नाही. आत्या, तू पण ये बाहेर… आत्याने दोरी सोडली नव्हती. होडी सरळ व्हायच्या आधीच मी ओरडले… हो. माहीत होतं मला. तेव्हाच माहीत होतं…

हॅलो? आहेस ना?… आत्या पदराला हात पुसतेय… थांब… हां दाजी?… हो… हो…

म्हणतायत, घरात बोललीस, ठीक हाय. सकाळी खाडीवर जेवढे होते, तेवढ्यांसमोर बोल आता. तेवढ्याच जोरात…

हो गं, नीलेशसमोर पण… ए, तू संध्याकाळी खाडीवर येशील? काही बोलू नकोस, नुसती बाजूला उभी राहा… ये ना… ठेवते.