पाच काळी चाकं

(पौड, १९८८. दुपार कलल्यावर एसटीच्या थांब्यावर बेकरीवाल्यांचा सिराज आणि त्याचा दोस्त भैरू.)

सिराज: ...अन् मग ती तापल्याली चाकाची डिस्क आकड्यानं भट्टीभाईर वढायची अन् वरनं रंगाची पावडर चाळायची. चाळणीनं! अम्मीची मैद्याची चाळण!

भैरू: अन् अम्मीनं हाणला न्हाई?

सिराज: हाणला की, पावाला रंगाचा वास आला तवा. पर तू ऐक तर! पावडर तापल्या लोखंडाव पडली की इरघळती, मंग परत भट्टीत, अन् निघती तवा अशी काळीभोर, तुजं तोंड दिसंल तुला.

भैरू: माजं तोंड बघाया चाक कशाला पायजे? पावडर कुटनं आणली?

सिराज: अन्वरभाईनं. पिरंगुटला कंपनीत तेच काम हाय न्हवं त्याचं. खाली सांडल्याली झाडून आणतो डब्यात. कुटं बोलू नको हां, नोकरी जाईल त्याची.

भैरू: अन् चाकं जयसिंगच्या जीपची.

सिराज: तर! चार अन् स्टेपनी, पाच. दोन दिस नुसतं खरडलंय. तारंचा ब्रश, पॉलिशपेपर, कास्टिकचं पाणी, ही बोटं बघ माजी. मंग राकेल लावायचं, कोरडं पुसायचं अन् वर खडू घासायचा.

भैरू: खडू कशापायी?

सिराज: भेग आसली तर आत ऱ्हायलेलं राकेल खडूत भाईर येतं. काळी रेघ उठती. भाईनं शिकिवलं. अन् खरंच उठली! एका डिस्कला, नटाच्या भोकापासनं, करंगळीयेवढी.

भैरू: मग ती टाकलीस.

सिराज: टाकणारच व्हतो. पर म्हणलं, पाची रंगवू, वळीनं मांडू, अन् मंग जयसिंगभाऊला सांगू, ही एक बदला. म्हणून तर खूण केली. भोकात सुतळी बांधली.

भैरू: बरं.

सिराज: सुतळी भट्टीत जळाली.

भैरू: सिऱ्या...

सिराज: ध्यानातच न्हाई आलं रं! पाची निघाली, सारखी. परत राकेल लावलं, खडू घासला. काय दिसंल? वर पावडर बसल्याली.

भैरू: जयसिंगला सांगितलंस का न्हाई?

सिराज: आज टायरवाल्याला संगं घिऊनच आला तो. चाकाव हात फिरवला, म्हणला, सिराज, कंपनीतनं आणल्यावानी केलीस की. भर बाजारात, समद्यांच्या म्होरं! मला कुणी कवा आसं... मग तोंडच उघडंना. आता परत आला की पयलं तेच सांगतो. म्हणून तर हितं बसलोय.

भैरू: तो ताम्हिणीला गेलाय.

सिराज: ठाव हाय. मिरच्यांची पोती टाकायला.

भैरू: साळू हाय त्यात.

सिराज: तुजी साळू?

भैरू: माजी भैन. लेकराला घिऊन सासरी चालली. मीच बसवली. म्होरं बसवली, म्हणलं, धक्के कमी लागतील.

सिराज: पाचात एक हाय, भैरू. मागं टांगल्याली स्टेपनीच आसंल ती. ती काय फिरत न्हाई.

भैरू: तीच आसंल.

सिराज: तीच. अल्लाकसम, तीच आसंल.

भैरू: ऊठ. ताम्हिणीवरनं एसटी आली. ओ नथूकाका! वाटंत जयसिंगची जीप दिसली का?

नथू (एसटीचा कंडक्टर): दिसली की. धरणाच्या म्होरं, चढाला. पंक्चर व्हती.

सिराज: म्हंजी हुबी हाय! भैरू, हुबी हाय ती!

नथू: हुबी कशाला ऱ्हाईल? स्टेपनी चढवली अन् गेली. तुजी भैन बसली व्हती, भैरू, पोराला घिऊन, दगडाव. हात केला तिनं.

भैरू: काका, कंच्या अंगाला चढवली?

नथू: म्होरं. डाव्या.

सिराज: काका, गाडी परत कवा फिरणार?

नथू: तिकडं? आता सकाळीच. का रं? आन् चाकं मातर झ्याक केल्यात हां कुणीतरी. समदी एकसारखी.